शेजारची भाषा आधी घ्या : अनुवादाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात संपादकांनी साहित्याच्या अनुवादाबद्दल प्रश्न मागवले होते. उत्तरं द्यायला मला बसवलं, कारण मी कन्नड आणि कोंकणीतून मराठीत अनुवाद करते आणि राहते वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यात. ‘पुण्या-मुंबईत असतात म्हणून त्यांना जमतं’ असं म्हणायची सोय तेवढी बंद. मूळची मी बँकेतली कारकून. बदली कारवार-कुमठ्याकडे झाली तेव्हा काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकांकडून कन्नड शिकले. पत्रं बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

बी. ए. इंग्लिश झालंय, सध्या मोबाइलच्या दुकानात काम करतो. इंग्रजी थ्रिलर भरपूर वाचतो. नोकरी सोडून पूर्ण वेळ अनुवादक व्हावं असं वाटतं. घरचे चिडलेत. काकी, तुम्ही सांगा. (कुडाळ)

घरचे बरोबर आहेत. नोकरी सोडू नकोस. तुमच्या जिल्ह्यातली दोन मोठी नावं बघ. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांनी कबीर, सूरदास, मीरा, शेक्सपिअर मराठीत आणले, पण आकाशवाणीत आणि अमेरिकन माहिती केंद्रात नोकरी केली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. तू त्यांच्याहून कमी हुशार असशील असं मी म्हणत नाही, पण पोट तुलाही तेवढंच आहे.

हिशेब करून दाखवते. मध्यम जाडीची कादंबरी धर ८०,००० शब्दांची. दुकान बंद करून आल्यावर रोज ८०० शब्द झाले तर पहिला खर्डा १०० दिवसांत होतो. सुट्ट्या, गणपती, ताप, लाईट जाणं धरून पाच महिने. त्यानंतर मुळाशी ताडून एक वाचन, मूळ बाजूला ठेवून नुसतं मराठी म्हणून एक वाचन आणि शेवटी प्रुफं. म्हणजे नोकरी सांभाळून वर्षाला एक पुस्तक. हा वेग वाईट नाही, दहा वर्षांत दहा पुस्तकं होतात.

आता इंग्रजीबद्दल. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या खपाऊ पुस्तकांचे हक्क मोठे प्रकाशक आधीच घेतात आणि वेळेत काम देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे पाठवतात. नवीन माणूस त्या रांगेत शेवटी उभा राहतो. तुझं इंग्रजी चांगलं असेल, पण तसं चांगलं इंग्रजी येणारे महाराष्ट्रात पोत्याने आहेत. कन्नड कादंबरी मुळातून वाचू शकणारी मराठी माणसं किती? सीमाभाग सोडला तर शोधावी लागतात. आणि तिथे माल केवढा आहे बघ. कन्नडला आठ ज्ञानपीठ मिळाले आहेत. त्यातल्या द. रा. बेंद्रे यांच्या घरात तर मराठी बोलली जायची. शिवराम कारंत कोटाचे, म्हणजे आपल्याच किनारपट्टीवर खाली. गोकर्णचे जयंत कायकिणी कन्नडमध्ये मुंबईच्या चाळींवर, कामगारांवर कथा लिहितात. त्यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला दक्षिण आशियाई साहित्यासाठीचं २०१८ चं डीएससी पारितोषिक मिळालं आणि ते त्यांनी अनुवादक तेजस्विनी निरंजना यांच्यासोबत वाटून घेतलं. गोकर्ण तुझ्या कुडाळहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ.

लिपी शिकायला महिना-दीड महिना पुरतो, हे मी काउंटरमागे बसून केलंय. भाषा मुरायला वर्षं लागतात, आणि त्याला आडवाट नाही. बसने कारवारला जा, कन्नड वर्तमानपत्र घे, रोज एक बातमी मोठ्याने वाच. लहान मुलांच्या गोष्टी वाच, मग कथा, मग कादंबरी. ज्या वर्षी कन्नड विनोद वाचून तुला समजावून न घेता हसू येईल, त्या वर्षी अनुवादाला हात घाल.

दुसरी गोष्ट, एक लेखक धर. आमच्या शिरोड्याचंच उदाहरण देते. वि. स. खांडेकर १९२० साली इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. त्यांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये नेल्या का. श्री. श्री. यांनी आणि गुजरातीत गोपाळराव विद्वांस यांनी. एकामागून एक पुस्तकं एकाच माणसाच्या हातून गेल्यामुळे खांडेकर त्या वाचकांना परके राहिले नाहीत, आणि अनुवादकांचंही नाव झालं. मराठीत कन्नड कादंबरीकार भैरप्पा म्हटलं की उमा कुलकर्णी आठवतात, तोच प्रकार. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड वाचून दाखवायचं आणि उमाताईंनी मराठीत उतरवायचं, असा त्या घरचा कारखाना. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार उमाताईंना भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’साठी मिळाला. दहा लेखकांचं एकेक पुस्तक करणारा अनुवादक लोकांच्या लक्षात राहत नाही. एका लेखकाची चार केलीस तर पाचव्यासाठी प्रकाशक तुला फोन करेल.

थ्रिलर वाचत राहा. गोष्ट पुढे कशी सरकवायची हे त्यातून कळतं, आणि पुष्कळ ‘साहित्यिक’ अनुवादांत नेमकं तेच हरवलेलं असतं.

काकी, माका मालवणी येता, गोयंत आमची सोयरीक आसा. कोंकणी पुस्तकांचा मराठी करूक कितकोसो वेळ लागतलो? (मालवण)

तुका वाटता त्याच्यापेक्षा जास्त. ऐकताना सगळं कळतं, म्हणून वाचतानाही कळेल असा आपला समज असतो. शिरोड्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली की बाजारात माझं काही अडत नाही. पण छापील कोंकणी कादंबरीत शेतीची, मासेमारीची, चर्चची, जुन्या पोर्तुगीज अमलातल्या कचेरीची अशी वेगवेगळी भाषा असते, आणि गोव्यातल्याच पेडण्याची, बार्देशची, सासष्टीची तऱ्हा निराळी. त्यात ख्रिस्ती समाजातलं लेखन रोमी (रोमन) लिपीत, मंगळुराकडचं कन्नड लिपीत. तुझी सोयरीक कुठल्या गावची आहे, यावर तुला काय कळेल ते ठरणार.

आणखी एक गोष्ट मनातून काढून टाक. ‘कोंकणी म्हणजे काय, आपलीच मराठी जरा वाकडी’ असं म्हणणारी माणसं आपल्याकडे अजून भेटतात. साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून १९७५ साली मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो हे तिचे दोन ज्ञानपीठविजेते. कारवारकडच्या महाबळेश्वर सैलांच्या ‘हावठण’ कादंबरीला सरस्वती सन्मान मिळाला. वाकडी मराठी सरळ करायला निघालेल्या माणसाला कोंकणी लेखक परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

तुझी जमेची बाजू मोठी आहे. माडांची, मासळीची, जत्रेची, दशावताराची नावं तुला कोशात शोधावी लागणार नाहीत. पुण्यातल्या वाचकासाठी ती सगळी समजावून सांगायचा मोह मात्र आवर. तळटीपांनी भरलेली कथा कुणी वाचत नाही.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीचा अनुवाद दोन वर्षं खपून पूर्ण केला. चार प्रकाशकांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही. काय चुकलं असेल? (देवगड)

मॅडम, तुमचा अनुवाद कसा आहे ते मी पाहिलेलं नाही, पण प्रकाशकांनीही पाहिला नसेल, हे बहुधा खरं. पत्रात पहिली ओळ त्यांनी शोधली असणार ती परवानगीची, आणि ती तुमच्या पत्रात नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवाद करण्याचा हक्क मूळ लेखकाचा असतो. घरी बसून स्वतःच्या आनंदासाठी केलंत तर कुणी विचारायला येत नाही. छापायचं म्हटलं की लेखकाची किंवा ज्याच्याकडे अनुवादाचे हक्क आहेत त्याची लेखी संमती लागते. तुमच्या कादंबरीचे मराठी हक्क दुसऱ्याच कुणी प्रकाशकाने आधी घेतलेले असू शकतात. तसं असेल तर तुमची दोन वर्षं कपाटात राहणार. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तिसरं वर्ष तरी वाचवा.

हक्क कुणाकडे आहेत ते शोधायचं कसं? पुस्तकाच्या सुरुवातीचं बारीक अक्षरांचं पान वाचा. तिथे हक्कधारकाचं आणि प्रकाशकाचं नाव असतं. प्रकाशकाच्या हक्क विभागाला एका पानाचा ईमेल पाठवा : तुम्ही कोण, कुठल्या भाषेत करणार, मराठी हक्क मोकळे आहेत का, एवढंच. भारतीय भाषांतले लेखक बरेचदा हक्क स्वतःकडे ठेवतात. त्यांना सरळ पत्र घालता येतं आणि ती माणसं उत्तर देतात. इंग्रजी सोडून शेजारी या, असं मी म्हणते त्यामागे हेही कारण आहे.

लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, आणि ती वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांना मोकळी. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत वारसांना विचारणं आलं. तुमच्याच तालुक्यातल्या विंदांनी निवडलेली पुस्तकं आठवा : ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, गटेचा ‘फाउस्ट’, शेक्सपिअरचा ‘लिअर’. परवानगी मागायला कुणी उरलंच नव्हतं!

यात एक खाच आहे. रशियन किंवा फ्रेंच लेखक शंभर वर्षांपूर्वी वारला असला तरी तुम्ही ज्या इंग्रजी अनुवादावरून मराठी करता, तो अनुवाद नवा असेल तर त्या इंग्रजी अनुवादकाचा हक्क शाबूत असतो. अनुवादही स्वतंत्र कृती आहे, कायदा तसंच मानतो. उद्या तुमच्या मराठीवरून कुणी कोंकणी करायला निघालं तर तुम्हालाही विचारावं लागेल.

पुढच्या वेळी आधी हक्कांची चौकशी, मग वीसेक पानांचा नमुना, मग प्रकाशक. नमुना पुस्तकाच्या सुरुवातीचाच द्यायला हवा असं नाही. जिथे संवाद आहेत, माणसं भांडताहेत, असा भाग निवडा. वर्णन कुणालाही जमतं, संवादात अनुवादक उघडा पडतो. सोबत एक पान पुस्तकाचा गोषवारा आणि हे पुस्तक मराठी वाचकाने का घ्यावं हे चार ओळींत.

पहिलं पुस्तक मिळालंय! प्रकाशक म्हणतात रॉयल्टी घ्या किंवा एकरकमी घ्या. आणि सही करायला एक कागद दिलाय, त्यावर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच आहे. करू का सही? (रत्नागिरी)

अभिनंदन. सही अजून करू नका.

आधी पैसे. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, तुमची रॉयल्टी ५ टक्के. सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्या तर तुम्हाला १५,००० रुपये मिळतील, आणि एक आवृत्ती खपायला किती वर्षं लागतात ते तुमच्या नगर वाचनालयात जाऊन विचारा. १८२८ पासूनचं वाचनालय आहे ते, पुस्तकांचा वेग त्यांना ठाऊक असतो. तेच ८०,००० शब्दांचं काम समजा शब्दाला ५० पैशांनी घेतलंत तर ४०,००० होतात, आणि खपाची काळजी प्रकाशकाची. म्हणून पहिल्या पुस्तकाला एकरकमी घ्या असं मी सांगते. अनुवादकांच्या सभांमध्ये यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं, पुस्तक चाललं तर आयुष्यभर उत्पन्न. चाललं तर! त्यावर तोडगा असा की रक्कम पहिल्या आवृत्तीपुरती घ्यायची आणि दुसऱ्या आवृत्तीपासून टक्केवारी लिहून घ्यायची. मागायला लाजू नका. रकमेचे हप्तेही ठरवा : करारावर सही होताच काही, हस्तलिखित दिल्यावर काही, उरलेली पुस्तक छापून येताना. ‘छपाईनंतर सगळे’ म्हणणाऱ्याकडे छपाई दोन वर्षं लांबू शकते.

आता तो कागद. एकरकमी पैसे घेतले म्हणजे हक्क विकले, असं नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मुद्दाम एका वाक्यात घुसडल्या जातात. हक्क देताना कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, कशाच्या बदल्यात, हे लेखी हवं. कायद्यात एक सोय आहे जी फारच थोड्यांना माहीत असते : करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते परत येतात. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवायचं. छापील पुस्तक, ईबुक, ऑडिओबुक, नाट्यरूपांतर ही वेगवेगळी कलमं करून मागा. ऑडिओच्या पैशांवरून अलीकडे सगळ्यात जास्त कुरबुरी ऐकू येतात.

मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव, हेही कलम घाला. कृती आपली आहे असं सांगण्याचा हक्क पैसे घेतल्यानंतरही तुमच्याकडेच राहतो, पण तो नेमका कुठल्या पानावर आणि केवढ्या टायपात, हे आधी बोललेलं बरं. मजकुरात बदल करायचे तर तुम्हाला दाखवून, हेही लिहा.

मला एका प्रकाशकांनी असाच एका ओळीचा कागद पाठवला होता. मी मुदत घालायला सांगितली तर म्हणाले, ‘ताई, आमच्यावर विश्वास नाही का?’ मी म्हटलं, आहे की, पण मी बँकेत होते, तिथे सख्ख्या भावाकडूनही जामीनदार घ्यायचो. मुदत घातली त्यांनी.

आता यंत्र क्षणात अनुवाद करतं. आम्ही निवृत्तीनंतर हा छंद लावून घ्यावा की मासे पकडावेत? (दापोली)

काका, हर्णै बंदर जवळ आहे, दोन्ही करा.

माहितीपर कामं, पत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका यांत अनुवादकाला मिळणारे पैसे घटलेत, हे खरं आहे. साहित्यात वेगळा प्रकार सुरू झालाय. यंत्राकडून काढलेला खर्डा पाठवतात आणि ‘फक्त नजर टाकून द्या’ म्हणून निम्म्याहून कमी दर सांगतात. असं काम मी घेत नाही. सपाट झालेलं वाक्य पुन्हा उभं करायला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो, आणि मुळात काय होतं ते बघायला मूळ पुस्तक वाचावंच लागतं. घ्यायचंच असेल तर पूर्ण दर सांगा. दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित कुठल्याही फुकट ॲपमध्ये टाकण्याआधी लेखकाला विचारा. मी शब्द शोधायला इंटरनेटवरचा बृहद्कोश वापरते, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरते, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश तर रोज. ह्यात यंत्राची लाज कशाला? पण वाक्य माझं मीच लिहिते, कारण मला त्यातच मजा येते, आणि निवृत्त माणसाने मजा सोडून काय करायचं?

मराठीतून इंग्रजीत जावं का? तिथे पैसा आणि नाव जास्त आहे ना? (अलिबाग)

ज्यांचं इंग्रजी लेखकाचं आहे त्यांनी जरूर जावं. जेरी पिंटोंनी दया पवारांचं ‘बलुतं’ नेलं, शांता गोखल्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नेली. दोघंही स्वतः इंग्रजीत लिहिणारे लेखक आहेत, हे विसरू नका. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक निम्मे-निम्मे वाटून घेतात. २०२२ मध्ये हिंदीसाठी डेझी रॉकवेल, २०२५ मध्ये कन्नडसाठी दीपा भास्ती. दीपा भास्ती कोडगूच्या, म्हणजे महानगरात राहावंच लागतं असं काही नाही. पण पारितोषिक बघून भाषा निवडू नका. आपण ज्या भाषेत भांडतो तिच्यात अनुवाद करावा, असं माझं मत आहे.

मला एवढं काही नको. एक कथा करून कुठेतरी छापून यावी, बस. काकू, कुठून सुरू करू? (वेंगुर्ला)

तुझं पत्र मला सगळ्यात आवडलं.

एक कथा निवड, दहा-बारा पानांची. लेखक हयात असेल तर त्यांना पत्र घाल, एका कथेसाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही. परदेशी भाषा येत असेल तर पुण्याचं ‘केल्याने भाषांतर’ हे त्रैमासिक मूळ भाषेतून थेट केलेले अनुवाद छापतं. शेजारच्या भाषेतलं असेल तर दिवाळी अंक आहेतच. त्यांचा मजकूर पावसाळ्यात जुळत येतो, म्हणून मे महिन्याच्या आत पाठव, गणपतीत आठवण करून उपयोग नाही. हाताने लिहिलेलं चालतं का, असं तू विचारलंयस. आता चालत नाही. युनिकोडमध्ये टाइप कर, फोनवर केलंस तरी हरकत नाही. पण नुसती पीडीएफ पाठवू नकोस, वर्डची फाइलही जोड, नाहीतर तिकडे कुणीतरी पुन्हा टाइप करेल आणि त्यात नव्या चुका होतील. सोबत मूळ कथेची झेरॉक्स आणि लेखकाच्या परवानगीचं पत्र जोड. संपादकाला ती भाषा येत नसली तरी झेरॉक्स जोडच.